शून्याचा खुलासा

सरांचं पोट कथांवर चालायचं, आणि कथा मनापासून वाचून त्यांना बारा वर्षं झाली होती.

ऐकायला विचित्र वाटेल, पण गाईड लिहिणाऱ्याचं असंच असतं. अभ्यासक्रमात एखादी कथा आली की सर त्या कथेवरची आधीची तीन गाईडं उघडून बसायचे आणि त्या तिघांतून चौथं काढायचे. त्या तिघांनीही तसंच केलेलं असायचं. आशय, पात्रचित्रण, प्रतीकं आणि संदेश असे चार खाने. कथा कुणाचीही असो, कितीही रक्त आटवून लिहिलेली असो, तिचे हातपाय मुडपायचे आणि तिला या चार खान्यांत कोंबायचं. वर कडी घालायची. पोरांनी पाठ करायचं, परीक्षेत ओकायचं, आणि तपासणाऱ्याने ओकलेलं ओळखून मार्क द्यायचे. तपासणारेही बहुतेकदा सरच. गाईडच्या कव्हरवर जाड अक्षरांत छापलेलं असायचं, ‘अनुभवी परीक्षकाच्या लेखणीतून’. म्हणजे स्वयंपाकीही हेच आणि चव सांगणारेही हेच.

त्या वर्षी अभ्यासक्रमात ‘बूट’ नावाची जुनी कथा होती. शंभरेक वर्षांपूर्वीची, पाच पानांची. मोठ्या बहिणीने धाकट्या भावाला वाढवलेलं असतं. तो शिकून मोठा साहेब होतो. कितीतरी वर्षांनी एका दुपारी घरी येतो, जेवतो, आडवा होतो. तो झोपलेला असताना बहीण दारातले त्याचे बूट घेऊन पुसत बसते. उजवा एकदा पुसते, डावा दोनदा. मग भाऊ उठतो, बूट घालतो आणि जातो. संपली कथा. लिहिणाऱ्याने एक शब्द जास्तीचा टाकलेला नाही.

सरांच्या गाईडात मात्र शब्दांना तोटा नव्हता. ‘बहीण ही त्यागाची मूर्ती आहे. चकाकणारे बूट हे तिच्या निःस्वार्थ प्रेमाचे प्रतीक होय. डावा बूट दोनदा पुसण्यातून तिचे सद्गदित झालेले मन प्रकट होते.’ ही तीन वाक्यं त्या वर्षी हजारो पोरांनी जशीच्या तशी लिहिली आणि पाचापैकी चार-साडेचार घेऊन गेली.

तपासणी केंद्रात एक रिवाज होता. सकाळपासून गठ्ठे उपसून माना मोडल्या की दुपारच्या चहाला कुणीतरी ओरडायचं, “मोती सापडला का रे कुणाला?” मोती म्हणजे एखाद्या पोराने लिहिलेलं अगदीच येडपट उत्तर. ज्याला सापडला त्याने तो उभं राहून वाचायचा. नियमात हे बसत नव्हतं. पण नियमाकडे पाहायला तिथे होतं कोण? केंद्रप्रमुख म्हणजे सरांच्याच शाळेच्या मोठ्या बाई, त्या स्वतःच सगळ्यांत आधी बशी सरसावून बसायच्या. आणि वाचावं तर सरांनीच. सरांना आवाज काढता यायचे. तोतरा, मास्तरी, बायकी, म्हाताऱ्याचा. नुसतं ‘अ’ म्हटलं तरी खोली हसायची.

त्या दुपारी सर उठले तेव्हा त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि एका रडव्या म्हातारीचा आवाज लावला.

“ऐका हो ऐका. प्रश्न, बहिणीचे पात्रचित्रण करा. उत्तर. ‘ती बहीण त्यागमूर्ती नाही. ती चिडलेली आहे. जेवताना ती भावाला एकही प्रश्न विचारत नाही. तो आडवा झाल्यावर तिला त्याच्यासमोर बसायचे नाही, म्हणून ती बूट घेते. काम हातात असले की पाठ करून बसता येते. डावा बूट दोनदा पुसला, कारण तो अजून उठला नव्हता. ती बूट पुसत नव्हती, वेळ पुसत होती.’”

‘वेळ पुसत होती’ हे सरांनी असं काही ताणलं, डोळ्यांना पदर लावल्याचा असा काही अभिनय केला, की पलीकडच्या टेबलावरच्या एकाला चहाचा ठसका लागला. मोठ्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“पुढे, पुढे!”

“पुढे म्हणते, ‘बूट चकाकत होते असे लेखकाने कुठेही लिहिलेले नाही.’”

“अगं बाई! गाईडवरच घसरली की!”

“माझ्या पोटावर पाय देते म्हातारी,” सर म्हणाले आणि पुन्हा एकदा खोली फुटली.

मग सर खाली बसले, समासात लाल शाईने ‘कल्पनाविलास. मुद्दे नाहीत’ असं लिहिलं आणि शून्य काढलं. गोल, मोठं, सावकाश काढलेलं शून्य. पेपरावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. अक्षर ओळखायचा तर प्रश्नच नव्हता. आणि खरं सांगायचं तर आकड्याऐवजी नाव असतं तरच सरांना कळलं असतं. कारण ज्या बाईच्या हातचं सरांनी नवव्या वर्षापासून खाल्लं, तिच्या हातचं लिहिलेलं त्यांनी जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं.

निकालानंतर दहा-बारा दिवसांनी संध्याकाळी वहिनी आली.

वहिनी म्हणजे सरांच्या थोरल्या भावाची बायको. आई गेली तेव्हा सर नऊ वर्षांचे होते आणि वहिनी नवी नवरी, एकोणीसची. सातवीनंतर तिची शाळा सुटलेली. सरांची मात्र तिने सुटू दिली नाही. थोरला जाऊन आता सहा वर्षं झाली होती आणि वहिनी मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी मोजायचं, इस्त्रीला लावायचं काम करत होती. हाताला कायम साबणाचा वास.

ती आत आली, चपला काढल्या, खुर्चीच्या टोकावर बसली. पिशवीतून एक प्लास्टिकची फाईल काढली.

“धाकट्या, रागावू नकोस. मी दहावीला बसले होते.”

“काय?” सर हसले. “कधी? आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुला सांगितलं असतं तर तू गाईड दिलं असतंस.”

आतून सरांची बायको खुदकन हसली. सरही हसले, जरा उशिरा.

“आमच्याकडे मुकादमीण निवृत्त होतेय,” वहिनी म्हणाली. “तिच्या जागी मलाच घेणार आहेत, पण दहावी पास पाहिजे. सगळ्यांत पास झाले रे. गणितातसुद्धा. भाषेत गेले. तेहतीस पडले, पस्तीस पाहिजेत. भाषेत! सगळ्या बायका हसल्या मला. म्हणाल्या, घरात एवढा मोठा भाषेचा मास्तर आणि तू भाषेतच आपटलीस?”

“अगं, होतं असं. ऑक्टोबरात परत बस.”

“ऑक्टोबरपर्यंत जागा थांबते का? हे बघ.” तिने फाईल उघडली. “पेपराची झेरॉक्स मागवली. फेरतपासणीला उद्या शेवटचा दिवस. त्याला भाषेच्या शिक्षकाचा अभिप्राय लागतो, उत्तर बरोबर का आहे ते. मला फक्त एवढं सांग, या पाच मार्कांना शून्य का? मी कुठे चुकले?”

तिने बोट ठेवलं.

सरांनी पाहिलं. गोल, मोठं, सावकाश काढलेलं. झेरॉक्समध्ये लाल शाई काळी येते, पण आपलं शून्य माणूस ओळखतो. खाली ‘कल्पनाविलास’. ‘ल्प’ची ती शेपटी सरांचीच.

माणसाला लाज वाटते म्हणजे नेमकं काय होतं, हे गाईडात ‘खजील होणे’ या दोन शब्दांत उरकतात. सरांना आधी कानात ऐकू यायचं बंद झालं. मग ऐकू आला तो स्वतःचाच आवाज, रडव्या म्हातारीचा. मग तो चहाचा ठसका. आणि मग, या माणसाची खरी जात बघा, पहिला विचार आला तो हा, की हिला कळलेलं नाहीये.

“अं,” सर म्हणाले. “असं आहे वहिनी, तू मुद्दे दिले नाहीस. तपासणारा मुद्दे शोधतो. त्यागमूर्ती. निःस्वार्थ प्रेम. बुटांची चकाकी हे प्रतीक...”

“चकाकी कुठे आहे?”

“अगं, कथेत.”

वहिनीने पिशवीतून पुस्तक काढलं. शाळेचंच, जुनं, कुणाच्या तरी पोराचं. ते तिने सरांच्या मांडीवर ठेवलं. “मला दाखव. मी सोळा वेळा वाचली. दुपारच्या सुट्टीत चादरींच्या ढिगावर बसून वाचायचे. मला कुठे सापडली नाही.”

सरांनी कथा उघडली. पाच पानं. पहिल्यांदा वरवर पाहिली, मग बोट लावून, मग पुन्हा पहिल्यापासून. बहीण बूट घेते. फडकं घेते. उजवा पुसते. डावा पुसते. डावा पुन्हा पुसते. ‘बूट जसे होते तसे दारात ठेवले’, असं शेवटच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं. जसे होते तसे! चकाकी कुठेच नव्हती. कुठल्यातरी मेलेल्या गाईडवाल्याने चाळीस वर्षांपूर्वी ती बुटांना फासली होती, आणि तेव्हापासून एकाने दुसऱ्याची उतरवत सगळ्यांनी मिळून त्या बुटांना पॉलिश मारलं होतं. हजारो पोरांना त्या पॉलिशचे मार्क मिळाले होते. जिने बूट नीट बघितले तिला शून्य.

“नाहीये,” सर म्हणाले.

“नाहीच आहे. मग मी बरोबर ना?” वहिनीचा चेहरा असा उजळला की सरांनी मान खाली घातली. “शेवटचं एक वाक्य माझंही चुकलं. मी लिहिलं, तो परत येणार नाही हे तिला माहीत होतं. ते कथेत नाही. ते मी पदरचं घातलं. त्याचा अर्धा मार्क कापू दे की. पण शून्य?”

सरांना आता दुसरंच काहीतरी जाळायला लागलं होतं. जेवताना एकही प्रश्न विचारत नाही. पाठ करून बसते. गेली वीस वर्षं आपण वहिनीकडे जातो ते वर्षातून दोनदा, जेवतो, सतरंजीवर लवंडतो, चहा पितो आणि निघतो. आपण लवंडल्यावर ती काय करत असते? काहीतरी निवडत असते. पाठमोरी.

“वहिनी,” त्यांनी विचारलं. “हे तू माझ्याबद्दल लिहिलंस का?”

वहिनीने त्यांच्याकडे बघितलं. मग तिला हसू आलं, आणि ते हसू काही प्रेमाचं नव्हतं.

“अरे माझ्या राजा! सगळं तुझ्याबद्दलच असतं का रे? मला स्वतःचा भाऊ नाही का? लग्नानंतर एकदा आला होता माझ्याकडे. त्याच्याबद्दल म्हण हवं तर. नाहीतर त्या कथेतल्या बाईबद्दल म्हण. ती पण एक बाई आहे ना? तिच्याबद्दल कुणी काही लिहायचंच नाही का?”

बारा वर्षांत सरांनी पंचेचाळीस बायकांची पात्रचित्रणं लिहिली होती. बाईबद्दल एकदाही लिहिलं नव्हतं.

सांगायची वेळ तीच होती. सरांनी तोंडही उघडलं. आणि बाहेर पडलं ते असं, “नातेवाइकाचा अभिप्राय चालत नाही वहिनी. उद्या सकाळी शाळेत ये. आमच्या मोठ्या बाईंची सही घेऊ. त्यांच्या सहीला वजन आहे.”

हिशेब पक्का होता. बाई सही करतील, वहिनी अर्ज देईल, कुठल्यातरी तिसऱ्याकडे पेपर जाईल, मार्क वाढतील. कुणाला काही कळणार नाही. कव्हरवरचे ‘अनुभवी परीक्षक’ शाबूत. सरांनी वहिनीला गेटपर्यंत सोडलं, एरवी सोडत नसत.

सकाळी शिक्षकांच्या खोलीत मोठ्या बाई एकट्याच वह्यांचा ढीग पुढे घेऊन बसल्या होत्या. सरांनी बाईंना आधी बाजूला घेऊन सांगायचं ठरवलं होतं. पण वहिनी त्यांच्या आधीच येऊन बसली होती, धुतलेल्या पातळात, फाईल मांडीवर धरून.

“बाई, ह्या माझ्या वहिनी. एक पेपर होता...” सर घाईने म्हणाले.

“या, या! सरांच्या वहिनी म्हणजे आमच्याही वहिनीच. बघू.” बाईंनी चष्मा लावला. पान उलटलं. ओठ हलायला लागले. आणि सरांनी डोळ्यांनी खूण करायच्या आत बाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

“अरे देवा! सर, हा तर आपला मोती! ‘वेळ पुसत होती’ वाला! अहो वहिनी, तुम्हाला सांगते, सरांनी काय वाचलं होतं हे त्या दिवशी! चष्मा इथे घेऊन, असा म्हातारीचा आवाज काढून. सगळी खोली लोळली हो! माझ्या तर...”

बाई थांबल्या. त्यांनी पानाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढून ठेवायला जागा न मिळाल्यासारखं.

“पेपर... यांचा?”

बाहेर मैदानावर पोरांची कवायत चालली होती.

“तू तपासलास?” वहिनीने विचारलं. आवाज शांत.

“हो.”

“काल तुला माहीत होतं?”

“...हो.”

“तपासलास तेव्हा?”

“नाही वहिनी. शपथ. तू आहेस हे माहीत असतं तर...”

“तर मार्क दिले असतेस. ते माहीत आहे मला. म्हणजे दुसरी कुणी असती तर ते शून्य बरोबरच होतं.”

वहिनीने बाईंपुढचं झेरॉक्सचं पान उचलून सरांपुढे धरलं.

“वाच.”

“वहिनी...”

“वाच म्हणते ना. त्या दिवशी वाचलंस तसं. मला पण ऐकू दे. माझंच आहे.”

सर उभे राहिले. बाईंनी मान वहीत घातली. सरांनी वाचायला सुरुवात केली, ‘ती बहीण त्यागमूर्ती नाही’, आणि तिथेच आवाज चिरकला. लहानपणी आजारी असताना वहिनीपुढे पाढे म्हणताना चिरकायचा तसा. ते तसेच वाचत गेले, अडखळत, सबंध उत्तर. ‘पाठ करून बसता येते’पाशी त्यांना थांबावं लागलं. वहिनी थांबली. घाई नव्हती तिला. शेवटपर्यंत ऐकून तिने मान हलवली.

“बरं लिहिलंय,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा बरं. बाई, सही करताय?”

बाईंनी रुमालाने कपाळ पुसलं. “सही करेन हो. डोळे मिटून करेन. पण शून्य आहे ना, शून्याला नुसता अभिप्राय चालत नाही. शून्य का दिलं, याचा तपासणाऱ्याने लेखी खुलासा करावा लागतो. सर, तुम्हाला माहीतच आहे.” त्यांनी आवाज उतरवला. “खुलासा गेला की परीक्षकांच्या पॅनेलवरून नाव जातं. म्हणून कुणी देत नाही.”

वहिनी सरांकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. एक वाजता फेरतपासणीचे अर्ज घेणारी खिडकी बंद होणार होती.

सरांनी कोरा कागद ओढला. पेन उघडलं. गाईडवाल्याचा हात तो, वाक्यं तयारच असतात. ‘कामाच्या ताणामुळे व नजरचुकीने सदर उत्तरास गुण देण्याचे राहून गेले.’ सही. कागद वहिनीपुढे सरकवला.

वहिनीने बोट लावून वाचलं, एकेक शब्द.

“नजरचूक?” ती म्हणाली. “नजर तर चांगली होती की. आवाजही चांगला होता म्हणे.”

सरांनी कागद फाडला. दुसरा घेतला. बराच वेळ पेन टेकलं नाही. मग लिहिलं, ‘हे उत्तर मी तपासले नाही. चहाच्या वेळी सहकाऱ्यांना हसवण्यासाठी मोठ्याने वाचून दाखवले आणि शून्य दिले. उत्तर मूळ कथेला धरून आहे. माझ्या स्वतःच्या गाईडातले उत्तर कथेला धरून नाही. या उत्तरास साडेचार गुण द्यावेत अशी विनंती.’

बाई खांद्यावरून वाचत होत्या. “सर, गाईडचं कशाला घातलंत? प्रकाशक...”

“राहू द्या.”

लिहिता लिहिता सरांना कुठेतरी मोकळं वाटायला लागलं होतं. हात धावू लागला. खाली त्यांनी आणखी एक ओळ ओढली, ‘सदर परीक्षार्थी माझी वहिनी असून, आईविना पोर असलेल्या मला तिनेच...’

वहिनीचं बोट त्या ओळीवर येऊन थांबलं.

“हे खोड.”

“खरं आहे ते वहिनी. कळू दे सगळ्यांना, कुणाला मी...”

“खोड म्हटलं ना. नात्यातला आहे म्हटलं की अर्जच बाद करतील. आणि नाही केला तरी, मी तुला वाढवलं म्हणून मार्क मिळाले असं मला धुलाईखान्यात ऐकायचं नाही. मार्क मला कथेचे हवेत.”

“पण निदान...”

“निदान काय? तुझं मन हलकं होईल. ते तू तुझ्या घरी जाऊन कर.”

सरांनी तो कागदही फाडला. तिसरा घेतला आणि तोच मजकूर पुन्हा उतरवला, वहिनीच्या ओळीशिवाय. या वेळी हात धावत नव्हता. बाईंनी त्यावर शिक्का मारला, अभिप्राय लिहिला, सही केली. वहिनीने कागद फाईलीत घातले आणि उठली.

“मी येतो खिडकीपर्यंत,” सर म्हणाले. “तिथे रांग असते.”

“मला रांगेची सवय आहे,” वहिनी म्हणाली. बाईंना तिने नमस्कार केला. दारात क्षणभर थांबली, पण ती पायातली चप्पल सरळ करायला. मग गेली.

तिला पुढे चार मार्क मिळाले आणि ती मुकादमीण झाली, हे सरांना महिन्याभराने पुतणीकडून कळलं. वहिनीने स्वतः फोन केला नाही, आणि सरांनाही करायचं धाडस झालं नाही. पण ते नंतरचं. त्या सकाळी तास सुरू झाल्याची घंटा होऊन गेली तरी सर खुर्चीतच होते.

“मनाला लावून घेऊ नका हो,” मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. “आपण सगळेच हसलो होतो.”

“तुम्ही हसलात बाई,” सर म्हणाले. “आवाज मी काढला होता.”